गोळ्या मिळतात, बोलायला कोण मिळेल?

(वाचकांची पत्रं आणि त्यांना उत्तरं. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. उत्तरं देणाऱ्या बाई सरकारी रुग्णालयांच्या मनोविकार विभागांत २९ वर्षं सामाजिक कार्यकर्त्या होत्या. निवृत्तीनंतर त्या धुळ्यात राहतात.)

पत्र पहिलं

मॅडम, नमस्कार. मी पारोळा तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहिते आहे. वय ३४. घरी शिलाई मशीन आहे, ब्लाउज आणि फॉल-पिको करते. माझे मिस्टर ३९ वर्षांचे. जिनिंगवर वजनकाट्याला होते. सहा वर्षांपूर्वी त्यांना आवाज ऐकू यायला लागले. आधी म्हणायचे, काट्यावरची माणसं माझ्याबद्दल कुजबुजतात. मग रात्री उठून दाराला कान लावून बसायचे. विचारलं की एवढंच, “त्या माले हासतस” (ते मला हसतात). सासूबाईंनी पहिली दोन वर्षं भगताकडे घालवली, कानबाईला नवस बोलून झाला. शेवटी माझा भाऊ मोठ्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, स्किझोफ्रेनिया.

गोळ्या सुरू झाल्या. रात्रीचं जागणं थांबलं, हात उगारणं थांबलं. पण माणूस पूर्ण माघारी आला नाही. आवाज बारीक झालेत, गेले नाहीत. दिवसभर ओट्यावर बसून असतात. आंघोळीला तीनदा सांगावं लागतं. मुलगा सातवीत आहे, तो मित्रांना घरी आणत नाही.

दर महिन्याला गोळ्या आणायला जातो. पहाटेची एसटी, केसपेपरची रांग, मग ओपीडीची रांग, मग गोळ्यांची. डॉक्टरांसमोर तीन मिनिटं. झोप लागते का, जेवतात का, त्याच चालू ठेवा. मागच्या खेपेला धीर करून खिडकीवर विचारलं, यांच्याजवळ बसून कुणी बोलेल का? तिथला माणूस म्हणाला, “बोलायला इथं वेळ कुणाकडे आहे, बाई?” रागाने नाही म्हणाला, खरंच म्हणाला.

शहरात एका खासगी सायकॉलॉजिस्टकडे चौकशी केली. पाऊण तासाचे १,००० रुपये आणि आठवड्याला एकदा यावं लागेल. माझी महिन्याची शिलाई पाच हजारांच्या आत-बाहेर. एका खेपेला मिस्टरांचं पूर्ण आणि माझं अर्धं तिकीट मिळून जाऊन-येऊन ३१५, रिक्षाचे ६०, चहा-नाश्त्याचे ७०, आणि माझा शिलाईचा दिवस बुडतो ते २०० धरा. बोलून बरं करायचा इलाज या आजाराला खरंच लागू पडतो, की तो शिकलेल्या लोकांच्या टेन्शनसाठी असतो? लागू पडत असेल तर सरकारीत मिळतो का? नसेल मिळत तर आमच्यासारख्यांनी काय करायचं?

उत्तर

ताई, आधी त्या खिडकीवरच्या माणसाबद्दल. तो खोटं बोलला नाही. माझ्या नोकरीत सोमवारच्या ओपीडीला शंभर-सव्वाशे केसपेपर पडायचे. डॉक्टर दोन, वेळ नऊ ते एक. भागाकार करून बघा, माणशी पाच मिनिटंही येत नाहीत. त्यातून नवा पेशंट आला तर त्याला अर्धा तास द्यावाच लागतो, मग तुमच्यासारख्या जुन्या पेशंटच्या वाट्याला ती तीन मिनिटं उरतात. डॉक्टर गोळ्यांचं बघतात. बोलण्याचं काम तुम्ही भलत्या खिडकीवर मागितलंत.

सरकारी व्यवस्थेत हे काम मुख्यतः डॉक्टरचं धरलेलंच नाही. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ चा. त्याच्या पोटात १९९६ साली जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. त्यात जिल्ह्याला एक अख्खी टीम धरलेली आहे: मानसोपचारतज्ज्ञ, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, सायकॅट्रिक सोशल वर्कर, मनोविकाराची नर्स. कागदावर सगळे असतात. प्रत्यक्षात एखादी खुर्ची कंत्राटावर भरलेली असते आणि कंत्राट संपलं की रिकामी होते. मी स्वतः तीन वर्षं सायकॉलॉजिस्टविना विभाग चालवलेला पाहिला आहे. कुठला ते विचारू नका. पण सगळ्या खुर्च्या एकाच वेळी रिकाम्या असतात असं क्वचितच होतं. म्हणून पुढच्या खेपेला “कुणी बोलेल का” असं विचारू नका. त्याला “नाही” हे सोपं उत्तर आहे. विचारा, “जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे सायकॉलॉजिस्ट किंवा सोशल वर्कर कोणत्या खोलीत बसतात?” मग समोरच्याला बोट तरी दाखवावं लागतं.

ही टीम ठरलेल्या वारी तालुक्यांच्या सरकारी रुग्णालयांतही फिरते. तुमच्या तालुक्याचा वार कोणता, तो तिथल्या रुग्णालयात किंवा तुमच्या आशाताईंना विचारा. निम्मी खेप तिथेच वाचेल.

आता इलाज लागू पडतो का, ते सांगते. लागू पडतो, पण गोळ्यांच्या जोडीने. गोळ्या सोडून नुसतं बोलणं हे या आजारात आगीशी खेळणं आहे. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेसाठी २०१४ साली निघालेल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये स्किझोफ्रेनियाच्या प्रत्येक पेशंटला किमान १६ भेटींचा बोलण्याचा उपचार देऊ करावा आणि कुटुंबासोबत किमान १० बैठका घ्याव्यात, असं म्हटलं आहे. तिथल्या कुटुंबांचीही ‘सगळ्यांना मिळत नाही’ अशी तक्रार असतेच. पण हा शिकलेल्यांच्या टेन्शनचा इलाज नाही, एवढं त्यावरून तुमच्या लक्षात यावं.

आणि शिक्षणाचं म्हणाल तर माझ्या एका पेशंटची गोष्ट ऐका. चोपड्याकडचा, केळीच्या बागांत घड वाहणारा मजूर. शाळा तिसरीपर्यंत. त्याला मेलेल्या काकाचा आवाज यायचा, दिवसभर शिव्या आणि ‘तुला मारून टाकीन’. घरचे म्हणायचे, काका कधीच गेला, काहीतरी बरळू नको. तो चिडायचा. पहिल्या भेटीत मी त्याला एवढंच म्हटलं, “तुम्हाला ऐकू येतं हे खरं. मला येत नाही हेही खरं. दोघं मिळून शोधू या, हा येतो कधी.” त्याच्या मुलीच्या वहीचं एक पान घेऊन तीन रकाने आखले: वेळ, तेव्हा मी काय करत होतो, आवाज दहापैकी किती मोठा. आकडा तो सांगायचा, मुलगी लिहायची.

तीन आठवड्यांनी वही घेऊन आला. पान चुरगळलेलं, त्याला केळीच्या चिकाचे काळे डाग. आकडे मात्र बोलके होते. दिवेलागणीला आठ, नऊ. भांडण झालं त्या रात्री नऊ. संध्याकाळची गोळी चुकली त्याच्या दुसऱ्या दिवशी दहा. आणि सकाळी सात ते अकराच्या ओळीत शून्य, शून्य, शून्य. त्यानेच बोट ठेवून दाखवलं, “बाई, डोक्यावर घड असला की काका गप्प असतो.”

इथून पुढचा उपचार त्याच्या त्या वाक्यावर उभा राहिला. दिवेलागणीला रिकामं बसायचं नाही, तोंड आणि हात दोन्ही गुंतवायचे. त्याने हरिपाठ मोठ्याने म्हणायला घेतला. कारण आपणच मोठ्याने बोलत असलो की आवाजाला जागा कमी मिळते. मग एके दिवशी मी विचारलं, “काका मारून टाकीन म्हणतो, किती वर्षं झाली?” म्हणाला, आठ. “मारलं का?” तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला आणि मग हसला. मी त्याला कधीच म्हटलं नाही की काका खोटा आहे. ते त्याने स्वतः, त्याच्या हिशोबाने ठरवायचं होतं. सात महिन्यांत अकरा भेटी झाल्या. काका पूर्ण गेला नाही, पण आठाचा तीन-चारावर आला आणि माणूस आठवड्यातले चार दिवस कामावर जाऊ लागला. सगळ्यांना एवढा फरक पडतो असं मी म्हणणार नाही. काहींना दोन भेटींत कंटाळा येतो, काहींचा आजार इतका जोरात असतो की आधी गोळ्यांनी तो खाली यावा लागतो. तुमच्या मिस्टरांचे आवाज बारीक झालेत आणि झोप लागते. बोलण्याचा उपचार सुरू करायला ही वेळ चांगली.

या अकरा भेटींतल्या सात मी त्याच्या गोळ्यांच्या तारखेलाच बांधल्या होत्या. तुमच्या पत्रातला हिशोब मी कागदावर मांडून पाहिला. एका खेपेचे ६४५ रुपये. सोळा भेटींच्या सोळा वेगळ्या खेपा धरल्या तर १०,३२०, म्हणजे तुमची दोन महिन्यांची शिलाई, आणि तीही समोरचा माणूस फुकट बोलत असताना. खासगीत त्यावर आणखी १६,०००. सरकारीत बोलण्याचे पैसे सहसा पडत नाहीत. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं दुसऱ्या खात्याची, तिथं केसपेपरचे नाममात्र पैसे लागू शकतात. पण महाग पडते ती खेप. त्यामुळे सोशल वर्करला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा: “आम्ही अमुक तारखेला गोळ्यांना येतो. त्या दिवशी साडेबारानंतर, गर्दी ओसरल्यावर, आम्हाला पाऊण तास द्या. मध्ये एकदा दहा मिनिटं फोनवर बोला.” महिन्याला एक भेट हा उपचाराच्या पुस्तकात बसणारा वेग नव्हे, हे मला माहीत आहे. सुरुवातीचे तीन महिने पंधरवड्याला जमलं तर उत्तम. पण महिन्याला एक, वर्षभर न चुकता, हे महिनाभरात चार भेटी घेऊन पैसे संपले म्हणून थांबण्यापेक्षा पुष्कळ बरं.

खेपेचा खर्च कमी करायची आणखी एक वाट आहे, पण तुमच्या घरी त्यावरून वाद होईल. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजार धरलेला आहे. त्याचं प्रमाणपत्र देताना चार गोष्टी बघतात: स्वतःची निगा, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं आणि काम. त्यात आजार किती वर्षांचा आहे तेही धरतात. ४० टक्के किंवा जास्त आलं, तर साध्या एसटीत ७५ टक्के सवलत. म्हणजे त्यांच्या २१० रुपयांचे पन्नास-बावन्न होतील. शिवाय संजय गांधी निराधार योजनेसाठीही तहसीलमध्ये अर्ज करता येतो. प्रमाणपत्राचा अर्ज ऑनलाइन, मग जिल्ह्याच्या बोर्डासमोर जावं लागतं. पुष्कळ घरं इथंच अडतात. ‘कागदावर वेडा लिहून घ्यायचं का?’ असं मला एका बापाने तोंडावर विचारलं होतं. मी त्याला म्हटलं, कागदावर ‘वेडा’ लिहीतच नाहीत, टक्के लिहितात. आणि हे प्रमाणपत्र बहुतेक वेळा तात्पुरतं असतं, माणूस सुधारला की ते नवं करायचं नाही एवढंच. तरी निर्णय तुमच्या मिस्टरांना विचारून घ्या. त्यांच्या नावाचा कागद आहे तो.

समजा खोलीच नाही, खुर्ची रिकामी आहे असं कळलं, तर काय करायचं? तोंडी वाद घालू नका, कागद द्या. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा, तो मे २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम १८ प्रमाणे परवडणाऱ्या खर्चात, पुरेशी आणि जवळ मानसिक आरोग्य सेवा मिळणं हा हक्क आहे. किमान सेवांमध्ये ओपीडीबरोबर कुटुंबाला आधार आणि घरी, वस्तीत पुनर्वसन यांचाही उल्लेख आहे. आणि या किमान सेवा जिल्ह्यात नसतील तर जिल्ह्यातच दुसरीकडे उपचार घेता येतात आणि खर्च सरकारने सोसायचा, असंही त्याच कलमात लिहिलं आहे. ‘बोलण्याचा उपचार’ हे शब्द त्यात शोधू नका, ते नाहीत. माझ्या मते तो कुटुंबाचा आधार आणि पुनर्वसन यांत बसतो. खर्च परत मिळाल्याचं उदाहरण मात्र माझ्या नोकरीत माझ्या डोळ्यांसमोर एकही नाही. तरी अर्ज द्या, कारण अर्जाला उत्तर द्यावं लागतं आणि रिकामी खुर्ची भरायला वर पाठवायच्या प्रस्तावाला असे अर्ज जोडता येतात. आम्ही जोडायचो.

अर्ज लांबलचक नको. वैद्यकीय अधीक्षकांच्या नावाने, असा:

“माझे पती, केसपेपर क्रमांक अमुक, यांना आपल्या रुग्णालयात स्किझोफ्रेनियाचे औषधोपचार सुरू आहेत. त्यांना क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट किंवा सायकॅट्रिक सोशल वर्कर यांच्याकडून नियमित समुपदेशन आणि आम्हा कुटुंबीयांस मार्गदर्शन मिळावे. ही सेवा येथे उपलब्ध नसल्यास तसे लेखी कळवावे व ती कोठे मिळेल हे सांगावे. (मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७, कलम १८)”

दोन प्रती काढा. एक द्या, दुसरीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. शिक्क्याशिवाय खिडकी सोडू नका. उत्तर नाहीच आलं, तर तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. बाईला आणि मानसिक आजार असलेल्या माणसाला तिथं वकील फुकट मिळतो, उत्पन्नाचा दाखला न दाखवता. सासूबाईंना कोर्ट म्हटलं की धडकी भरेल, पण तिथं भांडायला जायचं नाही, एक पत्र लिहून घ्यायला जायचं.

महात्मा फुले योजना किंवा आयुष्मान कार्ड याला उपयोगी पडेल का, असं पुष्कळ जण विचारतात. त्या योजना मुख्यतः दाखल झालेल्या पेशंटसाठी. ओपीडीत बसून बोलण्याचे पैसे त्यातून निघत नाहीत.

१४४१६ हा टेली-मानसचा नंबर मात्र लिहून ठेवा. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. रात्री अकराला ते अस्वस्थ झाले आणि काय करावं सुचेना, तर त्या वेळी तिथला माणूस उपयोगाचा. वहीचे रकाने महिनोन्महिने बघणारा तो नसतो, ते काम समोरासमोरचं. आवाज जर ‘उडी मार’, ‘याला मार’ असा हुकूम देऊ लागला, किंवा सलग दोन-तीन रात्री झोप उडाली, तर ना फोन, ना पुढच्या तारखेची वाट. त्याच दिवशी दवाखाना गाठा, रात्र असली तर अपघात विभाग. घरातलं कीटकनाशक आत्ताच दुसऱ्या कुणाकडे हलवा. कापसाचं गाव आहे तुमचं, प्रत्येक घरात डबा असतो.

आता मला सगळ्यांत जास्त बोलायचं आहे ते तुमच्याशी. दहा बैठका कुटुंबासोबत, असं वर लिहिलं ना, त्यातलं बरंचसं तुम्ही घरी सुरू करू शकता आणि त्याला तिकीट पडत नाही. आपल्याकडे ही कल्पना परदेशातून आलेली नाही. १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी पेशंटच्या नातेवाइकांसाठी आवारात तंबू ठोकले आणि त्यांना उपचारात सामील करून घेतलं. आणि आपल्या धुळ्याचेच डॉ. जगन्नाथ वाणी. कॅनडात कॅल्गरीला संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. पत्नीला हा आजार, त्यामुळे सांभाळणाऱ्या माणसाचं काय होतं ते त्यांना ठाऊक होतं. त्यांनी पुण्यात १९९७ साली स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन काढली. तिथं घरचे लोक गोल बसून एकमेकांशी बोलतात. आम्ही त्याची गरीब नक्कल केली होती, ओपीडीमागच्या निंबाखाली, गोळ्यांच्या रांगेतून सुटलेल्या सात-आठ बायकांना घेऊन. पहिल्या दिवशी कुणी बोललंच नाही. दुसऱ्या खेपेला एकीने डब्यातून कळण्याची भाकरी आणि ठेचा काढला, तेव्हा कुठे तोंडं उघडली. तुमच्या रांगेतही अशा चौघी असतीलच.

मिस्टरांचं आंघोळीचं घ्या. तीनदा सांगावं लागतं ते आळसामुळे नव्हे. या आजारात उठायची उमेदच आटते, गोळ्यांनी आवाज कमी झाले तरी ही उमेद मागे राहते. तीनदा सांगताना तिसऱ्या वेळेला आपला आवाज चढतो, आणि ज्याच्या डोक्यात आधीच कुणी ओरडतंय त्याला तो सोसत नाही. एकदाच सांगा, पण वेळ बांधून: चहा झाला की पाणी काढलेलं, टॉवेल खांद्यावर. वाक्य छोटं. “पाणी काढलंय.” बस. ‘इतके दिवस झाले तरी कळत नाही का’ हे शेपूट जोडू नका. जोडावंसं वाटतं, मला माहीत आहे. ते माझ्याजवळ लिहा.

आणि तुमचा माणूस काट्यावरचा आहे. क्विंटल-किलोचे आकडे ज्याने वर्षानुवर्षं लिहिले, त्याला ब्लाउजची मापं वहीत उतरवायला का देत नाही? छाती ३४, कंबर ३०, बाही ९. गिऱ्हाइकासमोर नको, ती गेल्यावर तुम्ही सांगा, ते लिहितील. पहिल्या दिवशी दोन ओळी लिहून उठतील. उठू द्या. पुण्या-मुंबईत याला पुनर्वसन म्हणतात आणि त्याची केंद्रं असतात. सातारा, गोवा आणि तमिळनाडूत २८२ पेशंटांवर झालेला एक अभ्यास २०१४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. गावातल्याच साध्या माणसांना शिकवून त्यांना पेशंटच्या घरी पाठवलं, वर्षभर. नुसता दवाखाना मिळालेल्यांपेक्षा या घरांतले पेशंट थोडे अधिक सुधारले. फरक थोडाच होता, पण होता. आणि घरी जाणारी ती माणसं काही डॉक्टर नव्हती.

मुलाला आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुट्टीत एकदा सोबत घेऊन जा. सोशल वर्करला सांगा, दहा मिनिटं याच्याशी एकट्याशी बोला. सातवीतल्या पोराच्या डोक्यात दोन प्रश्न असतात: हे माझ्यामुळे झालं का, आणि मलाही होईल का. तो तुम्हाला विचारणार नाही. सासूबाईंनाही न्या. वय ७५ पूर्ण असेल तर एसटीत त्यांचं तिकीटच नाही. कानबाईचे रोट त्यांना करू द्या, नवस फेडू द्या, फक्त गोळी त्यांच्याच हातून द्यायला सांगा, रात्री जेवणानंतर. ज्या घरात आजीने गोळीचा ताबा घेतला, त्या घरात गोळी चुकल्याचं मी फारसं पाहिलं नाही.

मापांच्या वहीचं पहिलं पान भरलं की मला कळवा.

पत्र दुसरं

बाई, मी नंदुरबार जिल्ह्यातला, वय २५. आजार मलाच आहे, चार वर्षांपासून. गोळ्या नियमित घेतो, आता एका झेरॉक्सच्या दुकानात बसतो. दवाखान्यात नेहमी आई सोबत असते आणि माझ्या वतीने तीच बोलते. मला काही गोष्टी तिच्यासमोर बोलता येत नाहीत, लग्नाचं आणि गोळ्यांमुळे जे होतं त्याचं. मी एकटा बोलू शकतो का? आईला ते सांगणार नाहीत ना?

उत्तर

बोलू शकतोस, आणि मागायला लाजू नकोस. तू सज्ञान आहेस. तुझ्या आजाराची माहिती गुप्त ठेवणं हे त्याच २०१७ च्या कायद्याने उपचार करणाऱ्यांवर बंधन आहे. तुझ्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तेव्हा ते मोडता येतं, आणि तुझ्या वतीने बोलणाऱ्या अधिकृत प्रतिनिधीला त्याच्या कामापुरतं सांगता येतं. लग्नाबद्दल तुला काय वाटतं, हे त्यात येत नाही. तुझ्या वतीने कोण बोलेल हेही तू ठरवू शकतोस: साध्या कागदावर नाव लिहून सही केलीस आणि त्या माणसाने लेखी होकार दिला की तो तुझा नामनिर्देशित प्रतिनिधी. आईच हवी असेल तर आई, मोठा भाऊ हवा असेल तर भाऊ.

गोळ्यांमुळे जे होतं ते, वजन असो की नवरा-बायकोच्या संबंधांतली अडचण, ते डॉक्टरांनाच सांग, आणि आत जाण्याआधी चिठ्ठीवर लिहून ने. तोंडाने निघालं नाही तर चिठ्ठी पुढे सरकव. डोस किंवा गोळी बदलता येते. पण तू स्वतः बंद करू नकोस. मी ज्यांना पुन्हा दाखल होताना पाहिलं, त्यांतल्या बऱ्याच जणांनी हेच कारण मनात ठेवून गुपचूप गोळी थांबवली होती.

आईचं म्हणशील तर ती वाईट वाटून घेईल, पहिल्या वेळी नक्की घेईल. तिला आधीच घरी सांग, दवाखान्याच्या दारात नको. म्हण, “माय, आत मी आधी जातो. दहा मिनिटांनी तुला बोलावतो.” आणि दहा मिनिटांनी खरंच बोलाव.